कपाटातला तक्ता

शिरूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीच्या आधी उठायचा आणि लोखंडी कपाटापुढे जाऊन उभा राहायचा. दारावर तळहात टेकवायचा, कुणाकडे पाहायचा नाही, पण तिथून हलायचाही नाही. ओढून जागेवर बसवलं की किंचाळायचा. ‘ह्याला कपाटाचं याड लागलंय,’ असं सगळी शाळा म्हणायची. विशेष शिक्षिका म्हणून माझी त्या शाळेत अधूनमधून फेरी असे. एका फेरीला मी कपाट उघडायला सांगितलं. मधल्या कप्प्यात, हजेरीपटांच्या खाली, चित्रांचा तक्ता होता. लॅमिनेशन केलेला, कोरा करकरीत. दोन महिन्यांपूर्वी मीच करून दिलेला. पाणी, शू, खिचडी, घर, नको, बास. ‘मुलं हात लावून खराब करतात हो मॅडम, तपासणीला दाखवायला नीट राहावा म्हणून ठेवलाय,’ असं मला अगदी मनापासून सांगण्यात आलं.

तो मुलगा दोन महिने त्या कपाटापुढे उभा राहून आपलं बोलणं परत मागत होता, आणि आम्ही त्याला वेड म्हणत होतो. ‘आम्ही’ म्हणते, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत मलाही ते उमगलं नव्हतं.

ही पुस्तिका लिहायचं त्या दिवशी ठरलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या वर्गांत एखादं स्वमग्न मूल बसतं, जे तोंडाने बोलत नाही, किंवा बोलतं पण ऐन गरजेच्या वेळी ज्याला शब्द सापडत नाही, त्या वर्गाच्या बाईंसाठी आणि गुरुजींसाठी ती आहे. तक्ता कसा करायचा, चित्रं कोणती घ्यायची, कुठे टांगायचा, हे सगळं पुढच्या पानांत आहे. प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे की मुलाने आधी बोलावं आणि मग शिकावं, हा आपण लावलेला क्रम उलटा आहे. संवादाचं साधन आधी द्यायचं असतं, आणि ते दिवसभर मुलाच्या हाताशी राहू द्यायचं असतं.

शाळेला ही गोष्ट नवीन वाटायचं खरं तर कारण नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात मुलाने करंगळी वर केली की बाई मान हलवतात आणि मूल बाहेर पळतं. कुणी त्याला ‘आधी पूर्ण वाक्यात विचार’ म्हणून अडवत नाही. बैलबाजारात जुने व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून हजारोंचा सौदा ठरवत. एक शब्द न उच्चारता भाव सांगितला जायचा, नाकारला जायचा, वाढवला जायचा. मुका सौदा म्हणून त्याला कुणी कमी लेखलं नाही. खुणेचं बोलणं आपल्याला चालतं. फक्त ज्या मुलाला त्याच्यावाचून दुसरा मार्गच नाही, त्याच्याकडून मात्र आपण तोंडच उघडायची अपेक्षा धरून बसतो.

‘स्वमग्न’ या शब्दानेही आपली थोडी दिशाभूल केली आहे. स्वतःतच बुडालेला, त्याला जगाशी देणंघेणं नाही, असा अर्थ त्यातून निघतो. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, त्यांतली तीन मुलं बोलत नव्हती. कॅनर यांना त्या मुलांचं एकटेपण आधी दिसलं, आणि नावात तेच उतरलं. पण मी भेटलेल्या आयांपैकी जवळजवळ प्रत्येकीने पहिल्या भेटीत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे: ‘त्याला सगळं कळतं हो बाई, निस्तं सांगता येत नाही.’ वर्षानुवर्षं आपण हे आईचं वेडं प्रेम समजून सोडून दिलं. मला आता वाटतं, ते निदानाच्या कागदाइतकंच गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

या साधनांना ‘पूरक आणि पर्यायी संवाद’ म्हणतात. नाव जड आहे, वस्तू साध्या आहेत. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं, कडीत ओवलेली पत्त्यांएवढी कार्डं, हातांच्या खुणा, लिहून दाखवणं, अक्षरतक्ता, आणि बोट लावलं की बोलणारा टॅब्लेट. आपल्या देशात हे काम आधी मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी सुरू झालं. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती आपल्या मुलीमुळे. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे एका बोटाने टंकलेखन करत शिकली आणि २०१० मध्ये त्या एका बोटाचंच नाव देऊन तिने आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. तिची अवस्था स्वमग्नतेची नाही. तरी मी तिचं उदाहरण प्रत्येक पालकसभेत देते, कारण बोलणं तोंडातूनच यावं लागतं असं नाही, हे त्या पुस्तकाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

स्वमग्न मुलांसाठी चित्रांच्या देवाणघेवाणीची एक पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात बसवली. तिच्यात मूल चित्रावर नुसतं बोट ठेवत नाही, ते चित्र उचलून समोरच्या माणसाच्या हातात देतं. फरक बारीक वाटतो, पण त्यातच सगळं आहे. हातात देण्यासाठी माणसाकडे जावं लागतं, तो पाहत नसेल तर त्याचं लक्ष वेधावं लागतं. सुरुवातीला या पद्धतीला दोन मोठी माणसं लागतात: एक समोर बसून चित्र घेणारी, दुसरी मागे बसून, काही न बोलता, मुलाचा हात चित्राकडे वळवणारी. एका शिक्षकाच्या वर्गात दुसरं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. आमच्याकडे ते काम खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी केलं आहे, आणि फार चांगलं केलं आहे. मुलाला सर्वांत जास्त हवी असलेली वस्तू त्यांच्याच पातेल्यात असते.

टॅब्लेट असेल तर मुंबई आयआयटीच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ हे अॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी केलेलं ‘आवाज’ अनेक पालकांना माहीत आहे. छापायला चित्रं हवी असतील तर स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने हजारो चित्रचिन्हं शाळांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहेत. पण टॅब्लेट असला तरी पुठ्ठ्याचा तक्ता असलाच पाहिजे, हे मी बजावून सांगते. वीज जाते, चार्जिंग संपतं, आणि मैदानातल्या उन्हात काचेवर काही दिसत नाही. तहान मात्र तेव्हाच लागते.

आता पालकांची सर्वांत मोठी भीती. ‘चित्रं दिली तर त्याला सवय लागेल, मग तो बोलायचा प्रयत्नच करणार नाही.’ ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या काटेकोर अभ्यासांत विकासात्मक अपंगत्व असलेल्या २७ जणांची नोंद होती. पर्यायी साधन दिल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही सांगितलं पाहिजे. तक्ता दिला म्हणजे मूल फडाफडा बोलू लागेल, असं वचन मी कुणाला देत नाही. तक्त्यामुळे बोलणं अडत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगते. आणि समजा शब्द कधी आलेच नाहीत, तरी मधली वर्षं मूल मुकं राहिलं नाही, हा लाभ लहान नव्हे.

मराठी तक्ता करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजी तक्ते आणून त्यांवर मराठी शब्द चिकटवले की ते चालत नाहीत. इंग्रजीत ‘मी’चं चित्र, मग ‘पाहिजे’चं चित्र, मग वस्तू. मराठीत तिथे ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. ‘मी पाणी हवं’ अशी वाक्यं मुलाकडून बसवून घेतलेले तक्ते मी पाहिले आहेत. त्या मुलाला पुढे ती मोडावी लागली. मुलगी असेल तर यंत्रात ‘मी जातो’ भरून ठेवू नका. आपलं म्हणून जे पहिलं वाक्य तिच्या यंत्रातून बाहेर पडणार, ते मुलाचं का असावं?

आणि आपल्याकडे ‘नको’ आहे. हा शब्द म्हणजे मराठीने या मुलांना दिलेली देणगीच आहे. हिंदीत नकार द्यायला ‘नहीं चाहिए’ असे दोन शब्द जुळवावे लागतात. आपल्या दोन अक्षरांत ते काम होतं, आणि ते इतकं सोयीचं आहे की दखनीनेही ‘नक्को’ म्हणून उचललं. तक्त्यावर ‘नको’ ठळक आणि कोपऱ्यात ठेवा, बोट चुकणार नाही असं. बहुतेक शाळांच्या तक्त्यांत मला मागण्याची चित्रं भरपूर दिसतात आणि नकाराचं एकही नसतं. नकार देता आला नाही की मूल चावतं, ढकलतं, वर्गातून पळतं. ‘नको’, ‘थांब’, ‘बास’, ‘आणखी’, ‘मदत’, ‘बाहेर’: एवढे शब्द दिवसातून पन्नास वेळा कामी येतात, सफरचंदाचं चित्र एकदाही येत नाही. मात्र मुलाने ‘नको’ दाखवलं आणि आपण तरीही रेटलं, तर दोन-तीन वेळांतच तो त्या चित्राला हात लावणं सोडून देतो. हात लावून काही होत नाही, हे तो आपल्याकडूनच शिकलेला असतो. प्रत्येक ‘नको’ मानता येईल असं नाही. गोळी घ्यावीच लागते, रस्त्यावर हात धरावाच लागतो. तेव्हाही ‘तू नको म्हणालास, मला कळलं’ एवढं म्हणायला वेळ लागत नाही.

चित्रं त्या मुलाच्या घरची असावीत. भाकरी, कालवण, शेंगदाण्याची चटणी, एसटी, ट्रॅक्टर, उसाचं वाडं खाणारी गाय. आज्जीचा खरा फोटो लावा, चष्मा लावलेली परदेशी म्हातारी नको. रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांमुळे मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबं इथे राहतात; दौंडच्या रेल्वे वसाहतीत तर एका चाळीत तीन-चार भाषा ऐकू येतात. साखर हंगामात ऊसतोडणी कामगारांची मुलं काही महिन्यांसाठी वर्गात येतात आणि जातात. अशा मुलाच्या तक्त्यावर चित्राखाली दोन भाषांत शब्द लिहा, आणि हंगाम संपला की तक्ता त्याच्याबरोबर पाठवा. शाळेची वस्तू म्हणून ठेवून घेऊ नका. दाखला बरोबर जातो, तसा तक्ताही गेला पाहिजे.

काही मुलं बोलतात, पण ऐकलेलं पुन्हा बोलतात. एका मुलाला वर्गात गर्दी झाली, आवाज वाढला की तो टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं नाव घ्यायचा: ‘चला हवा येऊ द्या.’ सगळे हसायचे. त्याच्या आईने सांगितलं की घरी पंखा लावायला, दार उघडायलाही तो हेच म्हणतो. आम्ही त्याला खिडकीजवळ बसवलं आणि दहा मिनिटं बाहेर जायचं कार्ड दिलं. अशा वाक्यांचा शब्दकोश आयांकडे असतो. शाळा सुरू होताना एक वही त्यांच्यासमोर ठेवा: तो काय म्हणतो, आणि त्याचा अर्थ काय. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातून वर्षभराची रडारड वाचते. जी मुलं काहीच बोलत नाहीत, त्यांच्या अंगाकडे पाहा. प्रार्थनेच्या भोंग्याला कान दाबणारं, पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाकाखाली जाणारं मूल आपल्याला काहीतरी सांगतच असतं.

शिक्षकांकडून सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे तक्ता स्वतः वापरणं. बाळाशी आपण त्याच्या पहिल्या शब्दाआधी वर्षभर बोलत असतो. उत्तर येत नाही म्हणून थांबत नाही. तक्त्याच्या बाबतीत मात्र सोमवारी चित्रं हाती देतो आणि शुक्रवारी म्हणतो, ‘याला जमत नाही.’ ज्या भाषेत त्याच्याशी कुणी बोललंच नाही, ती भाषा तो कशी बोलणार? बाईंनी स्वतः ‘आता खिचडी’ म्हणताना ‘आता’वर आणि ‘खिचडी’वर बोट ठेवायचं. ‘बाहेर नको, पाऊस’ म्हणताना तिन्ही चित्रं दाखवायची. महिने लागतील. आणि विचारल्यावर थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. तिसऱ्या आकड्याला आपण दुसरा प्रश्न विचारून मोकळे होतो, तेव्हा मूल पहिल्याचं उत्तर शोधत असतं.

वर्गातली मुलं हे आपल्याआधी शिकतात. त्या कपाटाच्या शाळेत तक्ता बाहेर आल्यावर काही दिवसांनी एक मुलगी माझ्याकडे धावत आली. ‘मॅडम, तो आज बास म्हणाला.’ वर्गशिक्षिकांनी दुरुस्त केलं, ‘म्हणाला नाही गं, दाखवलं.’ मुलगी ठामपणे पुन्हा म्हणाली, ‘म्हणाला.’ तिचं बरोबर होतं.

एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे. मुलाचं मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरांवर बोट ठेववून घेणारी एक पद्धत आहे. मूल एकदम मोठी वाक्यं लिहू लागलं असं तिच्यात वाटतं. तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसून आलं की ते शब्द मुलाचे नसतात, हात धरणाऱ्याचे असतात, त्याच्याही नकळत. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली, आणि समोर अक्षरफळा धरून सतत सूचना देत लिहून घेण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीविरुद्धही. आशेने कासावीस झालेल्या आईबापांना हे सांगणं जिवावर येतं. तरीही सांगते: बोट मुलाचं, निवड मुलाची. सुरुवातीला हात वळवायला मदत केली तर ती दिवसागणिक कमी झालीच पाहिजे. ती कमी होत नसेल, तर बोलतोय तो मुलगा नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये प्रकार एकवीस झाले आणि तिला जागा मिळाली. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘संवाद’ म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यात पूरक आणि पर्यायी मार्ग नावानिशी आहेत, आणि सतराव्या कलमात त्यांचा वापर वाढवणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तेव्हा तक्ता ही शिक्षकाने दाखवलेली दया नाही. तो कपाटात ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि वरच्या स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण सांगितलं. आमच्या तालुक्यांत ते प्रत्यक्षात यायला वेळ आहे. मी महिन्यातून जेमतेम दोनदा एका शाळेत पोचते. उरलेले सगळे दिवस मूल वर्गशिक्षकाचंच असतं, म्हणून ही पुस्तिका माझ्यासारख्यांसाठी न लिहिता त्यांच्यासाठी लिहिली.

आणि सगळ्यासाठी पुण्याला जावं लागतं ही समजूतही थोडी सैल करू. प्रमाणपत्रासाठी, तपासणीसाठी नगर रस्त्याने पासष्ट-सत्तर किलोमीटर जावंच लागतं. मजुरी बुडवून, गर्दीच्या एसटीत किंचाळणाऱ्या मुलाला मांडीवर धरून गेलेल्या आया मी पाहिल्या आहेत. पण तक्ता इथेच होतो. याच शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करत करत शिकावं या एका विचारावर. तिथली कार्यशाळा, गावोगावचे सुतार, लॅमिनेशनची दुकानं, आठवी-नववीची हुशार मुलं, सगळी जवळ आहेत. तक्ता वर्गमित्रांकडून करून घ्या. ज्यांनी चित्रं कापली, चिकटवली, ती मुलं तो वाचायला आपोआप शिकतात.

जूनमध्ये शाळा उघडतील. नव्या हजेरीपटात असं एखादं नाव असेल तर माझी विनंती आहे, पाठ्यपुस्तकांच्या आधी त्याचा तक्ता तयार करा. एक वर्गात, एक दप्तरात, एक घरी, आणि एक छोटा गळ्यात, मैदानात जाताना. चुरगळेल, खिचडीचे डाग पडतील, कोपरे सुटतील. पडू द्या, सुटू द्या.

कपाटापुढे उभा राहणारा तो मुलगा आता पाचवीत आहे. त्याचा चौथा तक्ता चालू आहे. आधीचे तीन वापरून वापरून फाटले.